फेसबुक-इन्स्टा सोडल्यावर माणसं तुटतात का?

तुमचे प्रश्न दोन: फेसबुक, इन्स्टा बंद केलं तर नातेवाईक दुरावतील का, आणि वाचलेल्या वेळाचं करायचं काय? मी दोन्ही सोडून बरीच वर्षं झाली. व्हॉट्सअ‍ॅप मात्र ठेवलंय, त्यामुळे हा काही संन्यास नव्हे.

वेळाचं आधी सांगते. तो सलग मिळत नाही. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला, लिफ्टची वाट बघतानाचा, असा सुटा सुटा मिळतो. हात सवयीने फोनकडे जातो आणि इन्स्टा नाही तर आपण यूट्यूबचे शॉर्ट्स बघत बसतो, म्हणजे काही मिळवलंच नाही. 2018 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. सरासरी रोज तासभर सुटला, मन थोडं बरं झालं आणि बातम्यांची माहिती कमी झाली. मलाही इतपतच फरक जाणवला. आयुष्यच पालटलं म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

खरी अडचण माणसांची. हल्ली पोस्ट टाकली की कळवलं असं धरतात. बारसं असो, वास्तुशांत असो, विचारलं की उत्तर ठरलेलं: "अगं, टाकलं होतं की, बघितलं नाहीस?" बारशाचं एक वेळ चालतं. कुणी गेल्याचं तेराव्यानंतर कळलं की भेटायला जायलाही अवघडल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक गोतावळ्यात एकाला सांगून ठेवा. आमच्याकडे आतेबहीण आहे. "अमक्याचे वडील गेले, आज फोन कर" एवढं ती सांगते. तिच्या जिवावर माझं बरंच निभावलंय!

आणि एक गंमत होते. केरळला जाऊन आलेला चुलतभाऊ मला सगळं पहिल्यापासून सांगतो, हाउसबोटवर त्याला लागलेल्या उलट्यांसकट, कारण मी फोटो बघितलेले नसतात.

घरात एकटीने सोडणं जड जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. सगळं गाव एकत्र म्हटल्यावर कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटत नाही. आमच्याकडे भोंगा नाही, पण जेवताना फोन फ्रीजवर ठेवायचे. सासरेही ठेवतात, कुरकुरत.

आता कसं करायचं ते. लगेच डिलीट करू नका, आधी डिअ‍ॅक्टिव्हेट करून, म्हणजे तात्पुरतं बंद ठेवून, बघा. तेव्हाही फेसबुकचा मेसेंजर चालू राहू शकतो, हे लक्षात असू द्या. डिलीट करायचंच ठरलं तर फोटो आधी उतरवून घ्या. मन बदललं तर फेसबुक तीस दिवस देतं, पुढे अकाउंट परत मिळत नाही. आणि ज्या ज्या अ‍ॅपमध्ये फेसबुकवरून लॉगिन केलं असेल, तिथे अगोदर मोबाइल नंबर किंवा ईमेल टाकून ठेवा.