अमेरिकेत कुणीतरी माझ्या नावावर वीजजोडणी घेऊन बिल थकवलं. ते मला भरावं लागेल का, आणि कंपनीची जबाबदारी काय?

नाही, ते बिल तुमचं नाही; 'थोडे भरा, प्रकरण मिटवू' असं कस्टमर केअरने सुचवलं तरी भरू नका, नाहीतर खातं तुमचंच होतं असा अर्थ काढला जाऊ शकतो. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट या अमेरिकी केंद्रीय कायद्याच्या कलम ६०९(ई) नुसार, त्या खात्याचा अर्ज आणि व्यवहारांच्या नोंदी तुम्ही लेखी मागितल्या की कंपनीला ३० दिवसांत फुकट द्याव्या लागतात. फोनवर 'गोपनीयतेमुळे देता येत नाही' हे हमखास ऐकायला मिळेल, म्हणून पत्रात कलमाचा उल्लेख कराच. सोबत हे जोडा:

- ओळखपत्राची प्रत
- पोलीस तक्रारीची प्रत
- फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय ग्राहक-संरक्षण संस्थेच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या संकेतस्थळावर तयार होणारा अहवाल

हाच अहवाल क्रेडिट ब्युरोंना (लोकांच्या कर्ज-बिलांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना) पाठवला की त्यांनी ४ कामकाजाच्या दिवसांत ती थकबाकी तुमच्या रिपोर्टमधून ब्लॉक करायची असते. तीन मोठ्या ब्युरोंकडे फ्रीझ (तुमचा रिपोर्ट नव्या कंपन्यांना दाखवण्यावर बंदी) लावून लोक निर्धास्त होतात, पण वीज, गॅस आणि फोन कंपन्या बऱ्याचदा एनसीटीयूई या वेगळ्या संस्थेकडची माहिती तपासतात. तिथेही फ्रीझ लावा.

एक मर्यादा मात्र आहे: कंपनीने नोंदी दिल्याच नाहीत, तर या कलमाखाली तुम्हाला स्वतः नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. अशा वेळी फेडरल ट्रेड कमिशन आणि तुमच्या राज्याचं युटिलिटी कमिशन यांच्याकडे तक्रार करा.