‘चॅप्लेन’ला मराठीत काय म्हणावं?

रुग्णालय, तुरुंग, सैन्य अशा ठिकाणी लोकांना आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती म्हणजे चॅप्लेन. प्रश्न असा आहे: भाषांतरात ‘हॉस्पिटल चॅप्लेन’साठी ‘रुग्णालयाचा पाद्री’ लिहिलं तर चालेल का?

मी लिहिणार नाही. ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आला, मूळ अर्थ ‘पिता’. प्रॉटेस्टंट लोक ‘पाळक’ म्हणतात, कॅथलिक ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’. हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे चर्च आणि त्याची ठरलेली मंडळी येते. चॅप्लेनची मंडळी कोण? त्या दिवशी वॉर्डात, कोठडीत, बराकीत किंवा जहाजावर जो असेल तो.

शिवाय ३ फेब्रुवारी १९४३ची गोष्ट आठवा. अमेरिकी सैनिकांना नेणारं ‘डॉर्चेस्टर’ जहाज ग्रीनलंडजवळ टॉर्पेडो लागून बुडालं. त्यावरच्या चार चॅप्लेननी अंगावरची लाइफ जॅकेट्स इतरांना देऊन टाकली आणि ते जहाजासोबत बुडाले. त्यांत एक मेथडिस्ट, एक रिफॉर्म्ड (हे दोन्ही प्रॉटेस्टंट पंथ), एक कॅथलिक आणि एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. रब्बीला पाद्री कसं म्हणायचं?

शब्दाचं मूळ मात्र अस्सल ख्रिस्ती. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने आजच्या फ्रान्समधल्या आमिआँ शहराच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. पुढे तो झगा फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला. लॅटिनमध्ये ‘काप्पा’ म्हणजे झगा, ‘काप्पेला’ छोटा झगा. तो सांभाळणारे ते ‘काप्पेलानी’. ‘चॅपल’ (छोटं प्रार्थनागृह) हा शब्दही त्यातूनच निघाला. (चार्ली चॅप्लिनचं आडनावसुद्धा!)

‘धर्मोपदेशक’ हा शब्द सुचतो, पण इथे उपदेश कमी आणि ऐकणं जास्त. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात उघड्याला वस्त्र देणं, आजाऱ्याच्या समाचाराला जाणं, कैद्याला भेटणं हे एका दमात येतं. चॅप्लेनचं काम म्हणजे हे ‘समाचाराला जाणं’. दुर्दैवाने आज ‘समाचार घेणे’ म्हटलं की माणूस झोडपायलाच निघालाय असं वाटतं, नाहीतर त्यातूनच एखादा सुरेख शब्द घडवता आला असता.

तेव्हा ‘रुग्णालयातले चॅप्लेन’ असंच ठेवा, आणि पहिल्या वेळी ‘रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे’ एवढं जोडा. कामाला ‘चॅप्लेन-सेवा’ म्हणा. ‘चॅप्लेन्सी’ या इंग्रजी शब्दाला विभक्ती लावताना जीभ अडखळते.