चुकीचा गिअर पडून इंजिन ओव्हररेव्ह झाले असेल, तर

समृद्धी महामार्गावर जालन्याच्या अलीकडे चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा लाल पट्टा ओलांडून गेला, आता इंजिनाला इजा झाली असेल का, असे तुम्ही विचारले आहे. तुमची झोप का उडाली असेल, ते मी समजू शकतो.

ॲक्सिलरेटर दाबल्याने काटा तेथवर गेला असता, तर रेव्ह लिमिटरने इंधन तोडून इंजिनाला सांभाळले असते. परंतु खालचा गिअर पडल्यावर चाकेच इंजिनाला ओढून फिरवतात आणि तेथे लिमिटरचे काही चालत नाही. चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला ४,००० फेरे होत असतील आणि दुसऱ्याचे गुणोत्तर त्याच्या दुप्पट असेल, तर क्लच सोडताच ते ८,००० वर जातात. अशा वेळी स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मिटवू शकत नाही आणि वर येणारा पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकू शकतो.

आयडलिंगला थरथर, मिसफायर किंवा खटखट जाणवत असेल, तर गाडी टोइंग करूनच न्या. काहीच जाणवत नसले, तरी सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो आणि टिकतो का, हे पाहणारी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी अवश्य करून घ्या, कारण किंचित वाकलेला व्हॉल्व्ह कानाला कळेलच असे नाही. माझ्यावर हीच वेळ आली, तेव्हा मेकॅनिकने ऑइल फिल्टर कापून त्याचा घडीचा कागद उन्हात उलगडला होता. त्यात चमकणारे चंदेरी कण बेअरिंगचे होते. तुमचाही फिल्टर असाच तुमच्यासमोर कापायला सांगा आणि तोवर गाडी हळूच चालवू म्हणून बाहेर काढू नका.