ट्रुकच्या बुडालेल्या जहाजांआधी प्रवाळावर स्थिर राहायला शिकावे

आपण विचारले आहे की, लहानपणापासून विहिरीत आणि पंचगंगेत पोहण्याची सवय आहे, मालवणला एकदा सिलिंडर लावून पाण्याखाली जाऊनही आलो आहोत, तर आता थेट मायक्रोनेशियातील ट्रुकच्या, म्हणजे आजच्या चुउकच्या लगूनमध्ये (प्रवाळभिंतीने वेढलेल्या समुद्रात) दुसऱ्या महायुद्धातील जहाजे पाहायला जाता येईल का. जरूर जावे, असेच मी म्हणेन. मात्र त्याआधी पाण्यात हात न हलवता एका जागी स्थिर राहणे आपल्या अंगवळणी पडले पाहिजे, आणि ते उथळ प्रवाळावर शिकावे, जहाजावर नव्हे.

कोल्हापुरात पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, हा मोठा लाभ आहे. परंतु विहिरीत सूर मारून तळ गाठणारा मुलगा दम धरायला शिकतो, आणि स्कुबामध्ये, म्हणजे सिलिंडर लावून बुडी मारताना, नेमके तेच करायचे नसते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर छातीतील हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसे फाटू शकतात. श्वास अखंड, संथ चालू ठेवणे हा तिथला पहिला नियम आहे. दुसरे असे की, मालवणच्या पहिल्या बुडीत प्रशिक्षक आपल्याला मागून धरून असतो आणि जॅकेटमधील हवाही तोच कमीजास्त करतो. तो अनुभव आनंदाचा खरा, पण त्यात पाण्यातील समतोल आपण स्वतः सांभाळलेला नसतो.

ट्रुक हा जपानी आरमाराचा मोठा तळ होता. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकी विमानवाहू जहाजांवरील विमानांनी तिथे हल्ला केला, तेव्हा मोठ्या युद्धनौका बहुतांशी निघून गेलेल्या होत्या, म्हणून आज तळाशी दिसतात ती मुख्यतः मालवाहू आणि तेलवाहू जहाजे. फुजिकावा मारू सरळ उभी आहे आणि तिच्या एका कोठारात झिरो या जपानी लढाऊ विमानांचे सांगाडे आहेत. पर्ल हार्बरवर गेलेल्या ताफ्याला इंधन पुरवणाऱ्या जहाजांपैकी शिंकोकु मारूवर मऊ प्रवाळांची इतकी दाट वाढ झाली आहे की पोलाद कुठे संपते आणि प्रवाळ कुठे सुरू होते, ते पटकन कळत नाही. सान फ्रान्सिस्को मारूच्या डेकवरील रणगाड्यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. पण तो डेक सुमारे पन्नास मीटरवर आहे आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर आहे. ते नाव सध्या मनातूनही काढून टाकावे, ही माझी आग्रहाची विनंती.

जहाजाच्या कोठारात ऐंशी वर्षांचा बारीक गाळ आणि गंज साचलेला असतो. फिनचा, म्हणजे पायात घातलेल्या वल्ह्यासारख्या पंखाचा, एक चुकीचा फटका बसला की तो उसळतो, दिव्याचा उजेड असूनही हात दिसत नाही, आणि वर छत असल्यामुळे सरळ पृष्ठभागाकडे निघताही येत नाही. गंजलेले पत्रे कधी ढासळतील याचा नेम नसतो, काही ठिकाणी न फुटलेला दारूगोळाही आहे. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनमुळे बुद्धी मंदावते आणि माणसाला ते जाणवतही नाही. म्हणून आत शिरण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले नसेल, तर जहाज बाहेरूनच पाहावे.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. ही जहाजे कबरीही आहेत. वानुआतूमध्ये एस्पिरितू सांतो बेटाजवळ प्रेसिडेंट कूलिज हे सैनिक नेणारे जहाज २६ ऑक्टोबर १९४२ रोजी अमेरिकेनेच पेरलेल्या सुरुंगांवर आदळून बुडाले. पाच हजारांहून अधिक माणसे वाचली, दोनच दगावली. त्यांतील लष्करी अधिकारी कॅप्टन एलवुड युआर्ट आत अडकलेल्यांना सोडवायला परत गेले होते. त्यांचे अवशेष तिथल्या गाळात २०१२ साली सापडले. ज्या गाळात कोणाची अस्थी असू शकते, तो आपल्या हातापायांनी ढवळला जाऊ नये. आणि तिथली एखादी बशी किंवा बाटली उचलून आणण्याचा तर विचारही करू नये.

तेव्हा प्रथम ओपन वॉटर या पहिल्या पायरीचे पूर्ण प्रशिक्षण घ्या; त्याने १८ मीटरपर्यंत जाता येते. मग अंदमानच्या प्रवाळांवर किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला निवांत वेळ द्या, तळापासून हातभर उंचीवर केवळ श्वासाच्या आधाराने तरंगत राहा, आणि ते सहज जमू लागले की अ‍ॅडव्हान्स्ड व नायट्रॉक्सचे शिक्षण घ्या. नायट्रॉक्स म्हणजे जास्त प्राणवायू असलेली हवा; तिच्यात नायट्रोजन कमी असल्याने त्याच खोलीवर अधिक वेळ मिळतो. मात्र प्राणवायू वाढलेला असल्याने खोलीवर बंधन येते, ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे ३३ मीटर. पहिली जहाजे फिलिपिन्समधील कोरोनची पाहावीत. २४ सप्टेंबर १९४४ च्या हल्ल्यात बुडालेली ही जपानी जहाजे वेगवेगळ्या खोलीवर आहेत, त्यामुळे सोप्याकडून अवघडाकडे जाता येते.

कोल्हापूरकरांनी घाटाचाही विचार करायला हवा, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. बुडीनंतर शरीरात नायट्रोजन शिल्लक असतो आणि उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊन इजा होऊ शकते, म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असे सांगितले जाते. ही शिफारस केबिनमधील सुमारे ६०० मीटर उंचीच्या दाबापासूनच लागू होते, आणि आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. मालवणला दिवसभर बुड्या मारून त्याच संध्याकाळी गाडीने घाट चढू नका; रात्री तिथेच मुक्काम करा.

ट्रुकचा हिशेब तर आणखी काटेकोर ठेवावा लागतो. ग्वाममार्गे जाणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा आधी काढावा लागेल, परतीच्या उड्डाणापूर्वीचा एक पूर्ण दिवस कोरडा ठेवावा, आणि डायव्हिंगचा असा विमा घ्यावा ज्यात विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला असेल. नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे झालेल्या इजेवरील दाब-उपचाराचा कक्ष त्या आठवड्यात कुठे चालू आहे, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तिथल्या डायव्हिंग केंद्राकडून लेखी मागवून घ्या.