उबुंटूवर गिटचं टोकन सुरक्षित कसं ठेवायचं?

दर पुशला (कोड गिटहबवर पाठवताना) गिट टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी द्यायची गुप्त किल्ली, विचारतंय म्हणून क्रेडेन्शियल हेल्पर (टोकन लक्षात ठेवणारा गिटचा छोटा प्रोग्राम) ‘स्टोअर’ केला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. ‘स्टोअर’ तुमचं टोकन होम फोल्डरमधल्या ‘.गिट-क्रेडेन्शियल्स’ या लपलेल्या फाइलीत साध्या टेक्स्टमध्ये लिहून ठेवतो. उघडून बघा, अक्षरन् अक्षर दिसेल. दुसऱ्या युजरला ती वाचता येत नाही हे खरं, पण तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम वाचू शकतो, शिवाय बॅकअपमध्येही ती जाते.

त्याऐवजी ‘लिबसिक्रेट’ हेल्पर लावा. टोकन ग्नोम कीरिंगमध्ये (डेस्कटॉपच्या पासवर्ड-तिजोरीत) एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात राहतं आणि लॉगिन केलं की कीरिंग आपोआप उघडतं. फेडोरात तयार पॅकेज आहे, उबुंटू 22.04 वर गिटसोबत आलेला त्याचा सोर्स कोड ‘मेक’ या टूलने बिल्ड करावा लागतो, त्याआधी लिबसिक्रेटचं ‘डेव्ह’ पॅकेज (बिल्डला लागणाऱ्या फाइली) टाका. ऑटो-लॉगिन चालू असेल तर कीरिंग वेगळा पासवर्ड मागेल. कंटाळून तो रिकामा ठेवू नका, मग एन्क्रिप्शनच होत नाही.

‘स्टोअर’ आधीच वापरला असेल तर हेल्पर बदलूनही जुनी फाइल तशीच राहते. ती डिलीट करा, गिटहबवर ते टोकन रद्द करा आणि नवं घेताना मुदत घाला, लागतील तेवढेच रेपो (प्रोजेक्टचे कोड-साठे) निवडा.