एमबीबीएसचे विद्यार्थी पॅथॉलॉजीकडे का वळतात, का टाळतात? मी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दुसऱ्या वर्षाला आहे. विषय आवडतो, पण सगळे 'नको' म्हणतात.

नको म्हणणाऱ्यांपैकी किती जण ग्रॉसिंगच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून कापायच्या, टेबलाशी तासभर उभे राहिलेत, ते आधी विचारा. मी डिचोलीची, एमडी पॅथॉलॉजी करून आता हिस्टोपॅथॉलॉजीच (मायक्रोस्कोपखाली ऊतींची तपासणी) बघते. बहुतेक मुलं ही शाखा न बघताच सोडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या वर्षाला भेटते ती परीक्षेतली पॅथॉलॉजी: स्पॉटिंगसाठी (बघून ओळखायच्या परीक्षेसाठी) घोकलेल्या स्लाइड आणि बरणीत पांढरी पडलेली स्पेसिमेन. रोजचं काम वेगळंच असतं.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की काढलेला भाग फॉर्मलिनमध्ये आमच्याकडे येतो. कडांना शाई लावायची, काप घ्यायचे, गाठ मोजायची आणि मग काखेतली चरबी बोटांनी चाचपत लिम्फ नोड शोधायचे. निदान १० तरी मिळावेत अशी अपेक्षा असते. आधी किमो झाली असेल तर ते इतके आक्रसतात की नोड कुठला आणि चरबीचा गोळा कुठला, हे डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळतं. त्यातल्या कितींत कर्करोग पोचलाय, ईआर, पीआर, हर-टू (गाठीच्या पेशींवरच्या रिसेप्टरच्या तपासण्या) काय आलंय, यावर पुढची औषधं ठरतात. आणि सोबतच्या फॉर्मवर हिस्ट्रीच्या रकान्यात काय? 'गाठ'. बस्स.

फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच करायच्या तपासणीला, तर श्वास घ्यायलाही फुरसत नसते. पेशंट भुलीखाली, सर्जन थांबलेला. तुकडा क्रायोस्टॅटमध्ये (गोठवून काप घ्यायच्या यंत्रात) उणे २० अंशांच्या आसपास गोठवून कापायचा, रंगवायचा आणि २०-३० मिनिटांत ओटीला फोन करायचा. खात्री नसेल तर 'परमनंट सेक्शन (नेहमीच्या पद्धतीने नंतर तयार होणारी स्लाइड) बघूनच सांगते' म्हणायची छाती लागते. मला या शाखेत धरून ठेवलं ते याच निर्णयांनी.

टाळण्याची कारणंही खोटी नाहीत. पेशंट समोर येत नाही, त्यामुळे बरा झालेला माणूस आभार मानायला येतो तो सर्जनकडे. चवथीला सगळे जमले की कुणीतरी विचारतंच, "म्हळ्यार तूं पेशंट पळयना?" (म्हणजे तू पेशंट बघत नाहीस?) आईवडलांनाही मुलाच्या गळ्यात स्टेथोस्कोप दिसायला हवा असतो. पेशंटशी बोलणं हाच ज्यांचा आनंद आहे, त्यांनी इकडे येऊच नये. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: मल्टीहेड मायक्रोस्कोपवर (एकाच वेळी अनेकांना बघता येणाऱ्या) दुसरं कुणी स्लाइड फिरवत असताना काहींना चक्क गरगरतं. बहुतेकांना सवय होते.

रँक कमी आली म्हणून येणारे खूप. क्लिनिकल शाखांच्या जागा आधी संपतात, आमच्या रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये तर नीट-पीजीची (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली. यातले काही पुढे उत्तम पॅथॉलॉजिस्ट होतात, पण 'नऊ ते पाच, आरामाची नोकरी' म्हणून आलेला मात्र पहिल्या वर्षीच वैतागतो. बऱ्याच ठिकाणी रेसिडेंटना (एमडी करणाऱ्या डॉक्टरांना) ब्लड बँकेची रात्रपाळी असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पैशांचं म्हणाल तर स्वतःची लॅब घालणं आता अवघड. मोठ्या साखळी लॅबची कलेक्शन सेंटर गल्लोगल्ली आहेत, आणि गोवा केवढासा! रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय, पण अंमलबजावणी ढिली आहे. नोकरी करायची तयारी असेल तर हिस्टो जाणणाऱ्याला काम मिळतं, कधी मात्र गोव्याबाहेर जावं लागतं.

तुम्ही बांबोळीतच, गोमेकॉतच आहात, तेव्हा सुट्टीत विभागप्रमुखांना विचारून आठवडाभर ग्रॉसिंग आणि साइन-आउटला (स्लाइड बघून रिपोर्ट पक्का करतात तिथे) बसा. रेसिडेंटना प्रश्न विचारा, पण ग्रॉसिंग आटोपल्यावर. आठवड्यानंतरही फॉर्मलिनच्या वासाने डोकं धरत असेल आणि वॉर्डची आठवण येत असेल, तर सरळ मेडिसिन घ्या.