जुन्या जिप्सीला शॉक ॲब्सॉर्बर कोणते घ्यावेत?

तुमची जिप्सी जुनी, चार माणसं आणि टपावर कॅरियर, फिरणं साताऱ्याहून कास-बामणोली आणि कोयनेकडे. अशा वापराला गॅस भरलेले ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचे) शॉक घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

खराब रस्त्यावर शॉक सतत वरखाली होऊन आतलं तेल तापतं, साध्या शॉकमध्ये त्याला फेस येतो आणि शॉकची उसळीवरची पकड जाते. गॅसच्या शॉकमध्ये भरलेल्या नायट्रोजनच्या दाबामुळे फेस कमी होतो. बिलस्टीन कंपनीच्या शॉकसारखे मोनोट्यूब (एकाच नळीचे) लवकर थंड होतात, पण त्यांच्या नळीवर दगड लागून पोचा पडला तर पिस्टन तिथेच अडकू शकतो. ट्विन-ट्यूबला बाहेरचं कवच असतं, म्हणून दगडधोंड्यांच्या वाटेवर मला तेच बरे वाटतात.

मात्र आधी पाटे (लीफ स्प्रिंग) बघा! जिप्सीला चारही चाकांना पाटेच आहेत. ते दबून बसले असतील तर नव्या शॉकने गाडी उचलली जाणार नाही; गाडीचं वजन पाटे पेलतात, शॉक फक्त उसळी आवरतो. पाटे बदलून उंची वाढवली असेल, तर शॉक त्या मापाचा लांब घ्या, नाहीतर चाक खाली लोंबताना तो ताणून तुटेल.

दुकानदाराला सामानासकट वजन सांगा. रिकाम्या गाडीला फार कडक शॉक घातले तर घाटातल्या खडबडीत वळणावर मागची बाजू उडते, ते धोक्याचं आहे.

बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदला, शॉकच्या टोकांचे रबरी बुश नवे घाला, आणि बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या.